हातमोज्यावरचा डाग

सुईच्या टोकावर दाणा नव्हता.

दोन सेकंदांपूर्वी होता. डबीतून मी तो अलगद उचलला होता, सुई डावीकडच्या धातूच्या बशीकडे नेत होते, आणि मधल्या वीतभर अंतरात तो नाहीसा झाला. मी सुई भिंगाखाली धरली. टोक स्वच्छ होतं. बशी रिकामी. डबीत पुन्हा पाहिलं. डबीही रिकामी.

शुक्रवार होता. दुपारचे एक वाजून वीस मिनिटं. नागपूरचा एप्रिल, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रयोगशाळेत मी एकटी होते, आणि एकटीनं ती डबी उघडायची नाही हा आमच्याकडचा पहिला नियम होता.

तो दाणा पृथ्वीवरचा नव्हता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरतात, त्यांतल्या एका लहानशा, किलोमीटरभरही रुंद नसलेल्या दगडाचा तो तुकडा होता. त्या दगडाला नाव नव्हतं, नुसता सहा आकडी क्रमांक होता. कोळशाहून काळा, कार्बननं ठासून भरलेला. पृथ्वीवर जीव निर्माण व्हायच्या आधी जो कच्चा माल असेल तो अशा दगडांत साडेचार अब्ज वर्षं जवळजवळ तसाच राहिलाय, असं मानतात. काही देशांनी मिळून पाठवलेलं एक यान तिथं जाऊन ओंजळभर खडी घेऊन परतलं होतं. त्यातला मोहरीएवढा एक दाणा आमच्या विद्यापीठाला अभ्यासासाठी मिळाला होता. वजन साडेतीन मिलिग्रॅम.

तो मिळवायला खोब्रागडे मॅडमना नऊ वर्षं लागली होती.

डॉ. कुमुद खोब्रागडे माझ्या गाइड. मी त्यांच्याकडे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्यांनी तीनदा अर्ज केले, तिन्ही वेळा नकार आला. इतकी स्वच्छता तुमच्याकडे राखली जाईल का, असं एका परीक्षकानं चक्क लिहून विचारलं होतं. मॅडमनी उत्तरादाखल दोन वर्षं रोजच्या रोज आमच्या खोलीतल्या धुळीची मोजणी करून पाठवली. इकबालभाई म्हणजे आमचे तंत्रज्ञ. त्यांनी बाहेरून मागवायचे निम्मे सुटे भाग स्वतःच्या लेथवर बनवले. चौथ्या अर्जाला होकार आला.

दाण्याचं काम एका बंद काचेच्या पेटीत चालायचं. आत कोरडा नायट्रोजन भरलेला. पेटीच्या पुढच्या काचेला दोन भोकं, त्यांत आतल्या बाजूला बसवलेले कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे. बाहेरून त्यांत हात घालायचे आणि काम आत करायचं. हवा इतकी कोरडी, की स्थिर वीज फार तयार होते. लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उडवतात ना, तसं. म्हणून आधी एक छोटा पंखा लावायचा, तो ही वीज मारतो. पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच डबी उघडायची.

मी पाचच मिनिटं थांबले होते.

आणि उघडायचं कारणही काही नव्हतं. दोन माणसं हजर असावीत हा नियम, त्यातले दुसरे इकबालभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, अडीचपर्यंत येणार होते. मॅडम त्यांच्या आईला आणायला शहरातच इंदोऱ्याला गेल्या होत्या. चार वाजता कुलगुरू आणि पत्रकार येणार, सगळ्यांना पडद्यावर दाणा दाखवायचा. "मी आल्यावर उघडू," असं त्या जाताना म्हणाल्या होत्या. पण चार वाजता सुई मॅडमच्या हातात असणार, फोटो त्यांचा निघणार, मी मागे कुठंतरी उभी असणार. दोन वर्षं मी त्या पेटीत उल्केच्या बारीक दाण्यांवर सराव केला होता. खरा दाणा आला तर तो एकदा मला एकटीला उचलायचा होता. एवढंच. कुणाला कळणारही नव्हतं.

पेटी बंद होती, म्हणजे दाणा पेटीतच होता. हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. आधी पंखा वाढवला. मग पेटीचा तळ चार भागांत मनातल्या मनात वाटला आणि एकेका भागावर टॉर्चचा तिरका झोत टाकत गेले. तळ पांढरा होता, काळा दाणा दिसायलाच हवा होता. दिसला नाही. काचा तपासल्या. हत्यारांचा ट्रे उचलून खाली पाहिलं. हातमोज्यांत घाम साचून बोटं आत सरकत होती. ट्रेमागे हात पोचेना, म्हणून उजवा हात तळावर टेकून मी पुढं वाकले, डाव्या हातानं कोपरा चाचपला, काही नाही. पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात केली. पुन्हा काही नाही. घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती.

मग मी उजवा हात उलटा केला.

करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या कडेला, काळ्या रबरावर एक अधिकच काळा फराटा होता. नखाएवढा. काजळाचं बोट लागावं तसा.

तो दाणा उडून माझ्याच हातमोज्याला चिकटला होता. काळ्यावर काळा. आणि मी त्याला शोधायला म्हणून त्याच हातावर सगळा भार टाकला होता. हे दगड फार ठिसूळ असतात. जळक्या गोवरीसारखे. बोटानं चेपले तरी भुकटी होतात. हे मलाच ठाऊक होतं, माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ते लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते अर्ध्या तासात केलं. तेव्हा डोक्यात काय चाललं होतं असं लोक विचारतात. काहीही चाललं नव्हतं. कान बंद झाल्यासारखे झाले होते आणि हात चालत होते. पेटीत हत्यारं पुसायला स्पिरिटची बाटली आणि मऊ पुसणी असायची. मी एक पुसणी स्पिरिटमध्ये भिजवली आणि तो फराटा पुसून काढला. दोनदा पुसला. हातमोजा पुन्हा कोराकरकरीत झाला. पुसणी बाजूच्या झडपेतून बाहेर काढली, चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सरावाच्या दाण्यांचा ट्रे पेटीतच होता. बारा खळगे, बारा दाणे. एका काळ्या उल्केचे, त्याच जातीच्या. डोळ्यांनी पाहून तो दाणा आणि हे दाणे यांत फरक मॅडमनाही सांगता आला नसता. मी पंखा पुरती पंधरा मिनिटं चालू दिला. मग बारातला एक उचलला. या वेळी हात अजिबात हलला नाही. तो डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

अडीचला इकबालभाई आले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "जेवलीस का बेटा?"

"हो," मी म्हटलं.

चार वाजता खोली भरली. कुलगुरू, दोन प्राध्यापक, तीन पत्रकार. आणि मॅडमचा हात धरून आलेल्या त्यांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, पांढरं लुगडं, पायांत बाहेरच्यांना देतो ते कापडी मोजे. त्यांना बसायला इकबालभाईंनी स्वतःची खुर्ची दिली. मॅडमनी हातमोज्यांत हात घातले, डबी उघडली, दाणा भिंगाखाली सरकवला आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो माणसाच्या डोक्याएवढा दिसायला लागला. काळा, खडबडीत, मध्ये एक पांढरट शीर.

कुलगुरूंनी चष्मा पुसला.

"आई," मॅडम म्हणाल्या, "हाच तो."

आजीबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा तं कोयसा दिसते," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "कोळसाच आहे एका परीनं. सगळ्यात जुना."

"तुह्या बाबानं उभा जलम कोयसाच काढला, तो बी इतकाच काया होता." त्या पत्रकारांकडे वळल्या. "हिचा बाप चांद्याकडं खाणीत होता. सांजच्या पारी घरी आला की डोये तेवढे दिसत त्याचे." मग पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाल्या, "इतक्या लांबून आनला माह्या पोरीनं."

मॅडमचे हात अजून हातमोज्यांतच होते. त्यांना डोळे पुसता येईनात. त्यांनी मान वळवून खांद्याला गाल घासला, आणि नेमका तोच फोटो एका पत्रकारानं काढला.

मी दाराशी उभी होते. मनात एकच वाक्य फिरत होतं, आता सांग. आता. पण आजीबाई बोलत होत्या, मग कुलगुरू बोलले, मग चहा आला. मग मॅडम आईला सोडायला गेल्या. प्रत्येक वेळी ते सांगणं आदल्या वेळेपेक्षा अवघड झालं होतं. हॉस्टेलवर मी न जेवताच पडून राहिले. खोलीतली मुलगी म्हणाली, ऊन लागलं असेल.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी गेले तेव्हा इकबालभाई पेटीसमोर उभे होते. अकरा वाजता मोजमापं सुरू व्हायची होती. त्यांनी मान न वळवता विचारलं, "वैजयंती, सरावाचे दाणे अकरा काहून आहेत?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"गुरुवारी मी ट्रे लावला. बारा होते. काल माझ्यामागं तू पेटी उघडली होती?"

"हो."

ते वळले. माझ्याकडे पाहिलं आणि मग स्टुलावर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, पुटपुटत. ते ऐकताना दाढी चोळत राहिले. साठीला आलेला माणूस, पण त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी जायाच नाही पाहिजे होतं," ते म्हणाले.

"तुमचा काय दोष?"

"दोन माणसं म्हणजे दोन माणसं." थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "आता कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवली. इकबालभाईंनी उठून दार लोटलं.

"बाईनं नऊ वर्षं घातली," इकबालभाई म्हणाले. "आजचा पेपर पाहिला? पहिल्या पानावर आहे, आईसोबत." त्यांनी खिशातून दुमडलेलं पान काढलं, पण उलगडलं नाही. "मी जर रजिस्टरमधी अकराच लिहिले. एक सरावात फुटला म्हणून लिहिलं. तर?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जो सुटल्यासारखा वाटणारा आनंद झाला तो आठवला की आजही मला स्वतःची किळस येते. दुसऱ्या कुणीतरी, माझ्याहून चांगल्या माणसानं, तो मार्ग तोंडानं बोलून दाखवला होता. उल्का त्याच जातीची होती. आकडे थोडे वेगळे आले असते, पण अगदीच अशक्य आले नसते. मॅडमचं नाव झालं असतं. माझा प्रबंध झाला असता.

"लिहू?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वर असा होता की मी नाही म्हणावं अशी ते वाट बघत असावेत. की हो म्हणावं अशी. मला अजूनही ठरवता येत नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. केस धुतलेले, अंगावर नवी सुती साडी. येताना त्यांनी इकबालभाईंसाठी आणि माझ्यासाठी पुडीत तर्री-पोहे आणले होते. "आधी खाऊन घ्या. मग हात धुऊन या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, चष्मा पदरानं पुसत, "वैजयंती, आज सुई तू धर. काल सगळे होते म्हणून मी धरली. माझा हात थरथरतो आजकाल, तुझा स्थिर आहे. नोंदवहीत तुझं नाव घातलंय मी."

त्यांनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. पहिल्याच ओळीत, दाणा हाताळणारी व्यक्ती, वैजयंती देशकर.

"मॅडम, तो दाणा खरा नाही," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"डबीतला दाणा सरावाचा आहे. खरा माझ्या हातून काल फुटला. मी एकटीनं पेटी उघडली होती."

मॅडमनी आधी इकबालभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग त्या खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत. एकेक प्रश्न विचारत गेल्या, एखाद्या प्रयोगाची नोंद घ्यावी तसे. किती वाजता. पंखा किती मिनिटं. कुठल्या हाताखाली आला. भुकटी केवढी दिसली.

"म्हणजे हातमोज्यावर डाग आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी उठून बसलं. त्या अर्धवट उभ्या राहिल्या. "उजव्या ना? त्या हातमोज्याला कोणी हात लावू नका. इकबालभाई, पेटीतला नायट्रोजनचा प्रवाह बंद करा. आपण हातमोजाच कापून काढू."

"मॅडम, मी तो पुसला."

"कशानं?"

"स्पिरिटनं."

त्या पुन्हा खाली बसल्या. वरचा पंखा फिरत होता आणि नोंदवहीचं पान उचलून परत पाडत होता.

"फुटला असता तर चाललं असतं गं," त्या म्हणाल्या. "अर्धा तर आपण फोडणारच होतो. भुकटीच करायची होती त्याची. अर्धा अखंड परत पाठवायचा करार होता, तो मोडला असता, मी माफी मागितली असती. पण भुकटी तर त्याचीच होती ना. रबरावरची का होईना. रबर वेगळं काढता येतं मला. तू स्पिरिट लावलंस. जे शोधायला आपण तो आणला ते स्पिरिटमध्ये विरघळतं."

मला हे माहीत होतं. काल दुपारी दोनला पाच कमी असतानाही माहीत असायला हवं होतं. दाणा फुटला तेव्हा काहीही संपलेलं नव्हतं. तो फराटा जसाच्या तसा ठेवून मी फक्त फोन उचलायला हवा होता.

"काल मी आले तेव्हा का नाही बोललीस?"

"आजी होत्या."

"आई थांबली असती बाहेर बाकावर," मॅडम म्हणाल्या. "खाणीच्या दारात थांबायची सवय आहे तिला."

मग त्या एकदम उठल्या. "पुसणी कुठं आहे?"

डबा रिकामा होता. झाडणाऱ्या छबूबाई रोज सकाळी आठला कचरा नेऊन इमारतीमागे पोत्यांत भरतात आणि बाराला महापालिकेची गाडी येऊन पोती उचलते. सव्वाअकरा वाजले होते.

इमारतीमागे सावली नव्हती. नऊ पोती होती, रसायन विभागाची, कँटीनची, सगळी एकत्र. इकबालभाईंनी स्वच्छ ब्राऊन पेपर अंथरला. आम्ही तिघं डोक्यावर ऊन घेत बसलो आणि एकेक पोतं उपसायला लागलो. चहाचे कप, केळीची सालं, तुटक्या काचनळ्या. मॅडमच्या नव्या साडीला डाळ लागली. त्यांचं लक्ष नव्हतं. प्रत्येक पांढरा बोळा त्या चिमट्यानं उलगडायच्या, उन्हाकडे धरायच्या आणि बाजूला ठेवायच्या. मी एकदा रडायला लागले तर त्या म्हणाल्या, "रडू नको, थेंब पडेल त्याच्यावर." रागानं नाही. खरंच तेवढीच त्यांना काळजी होती.

बाराला गाडी आली. इकबालभाई ड्रायव्हरशी बोलायला गेले. तो खाली उतरला, आम्हाला पाहिलं, गाडी बंद करून सावलीत जाऊन बसला. वीस मिनिटं थांबला बिचारा.

काळे डाग असलेल्या पुसण्या पाच निघाल्या. पाचही एकसारख्या. त्या पाचही काचेच्या बशांत घालून आम्ही वर नेल्या. चारांवर इकबालभाईंच्या लेथचं ग्रीस निघालं. पाचवीच्या धाग्यांत सूक्ष्मदर्शकाखाली तीन कण सापडले. केसाच्या जाडीपेक्षाही लहान. मॅडमनी तासभर त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंगावरून डोळा काढून म्हणाल्या, "आहेत."

त्या कणांतून जे मिळालं ते एवढंच, की त्या दगडातल्या मातीत कधीकाळी पाणी मुरलेलं होतं. ते इतरांनाही मिळालंच होतं. मॅडमना हवे असलेले कार्बनी रेणू स्पिरिटसोबत गेले होते.

दाणा देणाऱ्यांना कळवायचं पत्र त्यांनी मला लिहायला लावलं. मी तीनदा लिहिलं, त्यांनी तीनदा खोडलं. पहिल्यात मी माझी मनःस्थिती लिहिली होती. "त्यांना तुझं मन नाही लागत, वेळा लागतात," त्या म्हणाल्या. दुसऱ्यात मी इकबालभाई नमाजाला गेल्याचं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी जाड रेघ मारली. "नियम दोन माणसांचा होता आणि तू एकटी होतीस. पुरे. ते कुठं गेले होते याच्याशी कोणाला काही करायचं नाही. एकदा कागदावर आलं की लोक तेवढंच वाचतील." तिसऱ्यातून त्यांनी माफीची दोन वाक्यं कमी केली आणि खाली आधी स्वतःची सही केली, मग माझी घेतली.

वर्तमानपत्राला त्यांनी स्वतः फोन केला. फोटो पहिल्या पानावर आला होता, खुलासा आतल्या पानावर चार ओळींत आला. विद्यापीठात चौकशी बसली. जिन्यात, कँटीनमध्ये लोक बोलत. कुणाच्या हातात काय द्यावं याला काही धरबंध राहिला नाही, असं एक प्राध्यापक माझ्यादेखत म्हणाले. मॅडम दोन पायऱ्या पुढं होत्या, त्यांनी ऐकलं. त्या तशाच चालत राहिल्या. दाणा माझ्या हातून गेला होता, खोटा दाणा मी ठेवला होता, पण माझ्या आडनावावरून कुणी काहीही बोललं नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. खरं कळवल्याबद्दल आभार. उरलेलं सगळं, पुसणीसकट, परत पाठवावं. या प्रयोगशाळेला यापुढे नमुने देण्याचा विचार होणार नाही. मॅडमनी ते वाचून फाइलला लावलं. तीन कण, पुसणी आणि हातमोज्याची कापलेली कड आम्ही तिघांनी मिळून सीलबंद केली. पुढं चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. त्या दगडाच्या इतर दाण्यांत बाहेरच्या लोकांना बरंच काही सापडलं. मॅडम ते लेख मला पाठवत, वर एका ओळीत लिहीत, वाच.

पण ते नंतर. उरलेलं परत पाठवल्यावर मी कुणाला न सांगता सामान बांधलं आणि आर्वीला घरी निघून आले. घरी सांगितलं, उन्हाळ्याची सुट्टी आहे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगी डॉक्टर होणार म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी दिवसभर आतल्या खोलीत पडून असायचे. आई म्हणायची, अभ्यासानं थकलीय. विहिरीकडे जायला मला भीती वाटायची, आणि ती भीती विहिरीची नव्हती.

तिसऱ्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. मॅडम होत्या. नागपूरहून एसटीनं आलेल्या, पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा उन्हानं काळवंडलेला. बाबा धावत बाहेर गेले. "या या मॅडम, आमच्या वैजूच्या मॅडम आल्या," असं त्यांनी आईला ओरडून सांगितलं. आईनं माठातलं पाणी दिलं, चहा टाकला. मॅडमनी उन्हाची चौकशी केली, बाबांच्या गुडघ्याची केली. माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बाबाच म्हणाले, "कशी काय आहे आमची पोरगी कामात?"

"हात फार चांगला आहे तिचा," मॅडम म्हणाल्या.

आई चहा आणायला आत गेली, बाबा खुर्च्या सरकवायला उठले, तेवढ्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "घरी सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

"मला वाटलंच. तुझा फोन बंद, हॉस्टेलवरून पत्ता काढला." त्यांनी पायातली चप्पल काढून पलंगाखाली सारली आणि जराशी सरकून माझ्यासाठी जागा केली. "बस इथं. मी आहे साडेपाचच्या गाडीपर्यंत."

आई चहा घेऊन आली. बाबा समोर बसले. बशीत बिस्किटं होती, कुणी उचलली नाहीत. मॅडमनी कप घेतला, पण प्यायल्या नाहीत, तसाच हातात धरून बसल्या. त्यांचा हात खरंच थोडा थरथरत होता.

"बाबा," मी म्हटलं, "एक सांगायचंय."

"बोल ना."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

मी शुक्रवारपासून सुरुवात केली.